सात नंबरच्या डोंगराचा पापुद्रा

पापुद्रे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण संस्थेत रुजू होऊन वर्षही झालं नसेल, तोच कुणीतरी ते त्यांना चिकटवलं, आणि पुढे खरं आडनाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं. दगड घासून घासून त्याचा पापुद्रा करायचा हेच त्यांचं काम. तेव्हा नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं होतं असंही नाही.

संस्था समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारी. वरच्या मजल्यांवर शास्त्रज्ञ, त्यांचे संगणक आणि भिंतभर नकाशे. पापुद्र्यांची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला, जनरेटरच्या शेजारी. खोलीत पाण्याची धार सोडून चालवायची गोल करवत, विजेवर तापणारी एक तापपट्टी, एक मायक्रोस्कोप, जाड काचेच्या चार सपाट पाट्या आणि डब्यांमधून घासायची पूड, भरडपासून ते पावडरीसारख्या बारीकपर्यंत. मोरीची नळी महिन्याकाठी दगडाच्या गाळाने तुंबायची आणि नळ दुरुस्त करणारा दरवेळी तेच विचारायचा, "इथे नक्की करता काय तुम्ही?"

करत काय होते, तर जहाज समुद्रात जायचं, तळावरच्या डोंगरावरून लोखंडी साखळ्यांची जाळी फरफटत न्यायचं, आणि जाळीत येतील ते दगड गोणीत भरून ह्या खोलीत यायचे. पापुद्रे त्यातून काडेपेटीएवढी चकती कापायचे. तिची एक बाजू गुळगुळीत करून ती काचेवर चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत सुटायचं. अर्धा मिलिमीटर, पाव मिलिमीटर, शेवटी केसाच्याही निम्मी जाडी. तेवढी झाली की काळाकुळकुळीत दगड खिडकीसारखा होतो आणि त्यातून वर्तमानपत्र वाचता येतं. शेवटचं घासणं सगळं हाताने. पाटीवर पाणी, चिमूटभर पूड, आणि बोटांखाली चकती इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरत राहायची. दोन फेरे कमी पडले तर दगड आंधळा राहतो, दोन जास्त झाले तर दगड जातो आणि हातात नुसती काच उरते.

एकतीस वर्षांत पापुद्र्यांच्या अंगठ्याच्या रेषाही घासून गेल्या होत्या. फाटकावर हजेरीचं यंत्र बसवलं तेव्हा त्याने सगळ्यांना ओळखलं, ह्यांना नाही. शेवटी त्यांच्या एकट्यासाठी वही ठेवावी लागली. ह्या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की नवा माणूस भेटला की दहा मिनिटांत ते अंगठा पुढे करायचे.

ज्या डोंगरांचे हे दगड, ते डोंगर कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात. समुद्राचा तळ फाटतो, खालचा वितळलेला रस वर येतो आणि बाहेर पडल्या पडल्या बर्फगार पाण्यात सापडतो. वरची कातडी क्षणात गोठून तिची काच होते, आत मात्र रस लालच असतो. तो कातडी फोडून पुढे फुगतो, पुन्हा गोठतो, पुन्हा फुटतो. उशीवर उशी टाकावी तसे गोळ्यावर गोळे साचत जातात, लाखो वर्षं, आणि तीन-चार किलोमीटर पाण्याखालच्या अंधारात डोंगर उभा राहतो. पापुद्रे हे पुस्तकातून शिकले नव्हते. दगडाच्या कडेला काळी काच, जरा आत सुईच्या टोकाएवढे कण, आणखी आत मोठे, हे त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं. नुसत्या नजरेने ते सांगायचे, की हा तुकडा उशीच्या सालीचा आणि हा पोटातला.

अशा त्रेचाळीस डोंगरांचे दगड त्यांच्या हाताखालून गेले होते. समुद्र मात्र त्यांनी एका सहलीत पाहिला होता, गुडघाभर.

आता चष्मेवालीचं सांगायला हवं. ती पापुद्र्यांच्या पुतण्याची बायको. पुतण्याला त्यांनीच लहानाचा मोठा केलेला, त्याचं बिऱ्हाड त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, आणि जेवणं खाली एकत्र. लग्नाआधीपासून ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दुकान बंद पडलं आणि ती घरी बसली. तेव्हा काकू, म्हणजे पापुद्र्यांची बायको, एका सकाळी म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे घासायचंच काम ना? मग हिला घ्या की."

पापुद्र्यांनी तिला लावून घेतलं, आणि आपल्या शब्दाला संस्थेत किती वजन आहे हे पुढचे तीन महिने घरात ऐकवलं. पहिले सहा महिने त्यांनी तिला नुसत्या पाट्या धुवायला लावल्या. मग करवत, मग चिकटवणं. घासायला बसवलं ते वर्ष संपता संपता. ती निमूटपणे शिकत गेली. काही अडलं की "काका, हे कसं?" म्हणून विचारायची, आणि काका एक उसासा टाकून, आपण केवढं मोठं गुपित देतोय अशा थाटात सांगायचे.

दुसऱ्या वर्षी एकदा मॅडम खाली आल्या. मॅडम म्हणजे ह्या डोंगरांचा अभ्यास करणाऱ्या विभागाच्या प्रमुख. वयाने पापुद्र्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण त्यांच्यासमोर संचालकही सरळ बसायचे. हातात काचांचा डबा होता. त्यातली एक उचलून त्या म्हणाल्या, "काका, ही काय सुंदर झालीये हो! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाडीत तसूभर फरक नाही."

पापुद्र्यांनी मान तुकवली. मग काचेच्या कोपऱ्यातली खूण बघितली. काच चष्मेवालीची होती.

त्या दिवसापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. लपवून काय उपयोग, सरळसरळ जळफळाट होता तो. ती जेवायला गेली की तिच्या काचा काढून ते मायक्रोस्कोपखाली धरायचे. एखादा बुडबुडा, एखादा ओरखडा, कडेचा एखादा उडालेला कण! काही सापडायचं नाही. सापडलं नाही की अंगाची लाही व्हायची. भिंगं घासलेला हात तो, गोलाईवर चाललेला, सपाटीवर त्याला काय कठीण! ह्याला काय कसब म्हणायचं, ही तर आयती शिदोरी, असं ते मनाशी म्हणायचे आणि पुन्हा पहिल्या काचेपासून तपासायला लागायचे.

घरीही सुटका नव्हती. काकू ताट वाढताना म्हणायच्या, "हिच्या हाताला गुण आहे हो." चष्मेवालीने तर एकदा त्यांच्यासाठी चष्म्याची भिंगं घासून आणली, ओळखीच्या एका दुकानातल्या यंत्रावर बसून, अगदी त्यांच्या नंबरची. ती लावल्यावर पापुद्र्यांना मायक्रोस्कोपमधलं दहा वर्षांत दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ दिसलं. त्यांनी तो चष्मा कपाटात ठेवून दिला आणि सांगितलं, नाकावर रुततो.

अशात ते सात डोंगर आले.

एका दुपारी मॅडम खोलीत आल्या, स्टूल ओढून बसल्या, आणि खिशातून मेणबत्ती काढून त्यांनी ती पेटवली. चष्मेवालीच्या हातातला कोरा कागद घेऊन तो ज्योतीवरून त्या हळूहळू सरकवत गेल्या. कागदावर एक तपकिरी डाग पडला, मग त्याच्या पुढे दुसरा, तिसरा.

"बघा. ज्योत जागेवरच आहे, कागद सरकतोय. तळाखाली एखाद्या जागी असाच निखारा असतो. त्याच्यावर डोंगर उभा राहतो. पण तळ सरकत असतो, तो डोंगराला घेऊन पुढे जातो. निखाऱ्यावर नवी जागा येते, तिथे नवा डोंगर. अशी रांग पसरत जाते, शेकडो किलोमीटर. आपल्याकडे सात आहेत. एक नंबर निखाऱ्यावरच बसलाय, सात नंबर सगळ्यात लांब आणि सगळ्यात जुना."

चौथ्या डागाला कागद पेटला आणि चष्मेवालीने तो पाटीवरच्या पाण्यात बुडवला. पापुद्रे मात्र कागदाकडे बघत नव्हते.

"म्हणजे जुन्या डोंगराचा काही दोष नसतो?" त्यांनी विचारलं.

"दोष कसला, काका? तळ सरकतो. वर्षाला आपली नखं वाढतात तेवढा."

"आणि मग त्याचं काय होतं?"

"निखारा सुटला की विझतो. खालचा तळ थंड होऊन खचत जातो, त्याच्याबरोबर हाही खाली खाली बसतो."

"आणि त्याच्या निखाऱ्यावर नवीन."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आहे ना मजा?"

पापुद्र्यांना त्यात कसलीही मजा वाटली नाही. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसासमोर बोलायची ही गोष्ट होती का? भूगर्भाने आपल्यालाच टोमणा मारलाय असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढचे काही आठवडे रविवारी नखं कापतानासुद्धा त्यांचा चेहरा असा व्हायचा, की काकूंनी विचारलं, "लागलं का कुठे?"

पण खरी बातमी मॅडमनी जाता जाता सांगितली. ह्या वेळी दगड जहाजावरच घासायचे होते. जाळी वर आली की तिथल्या तिथे पापुद्रा करून बघायचा, आणि दगड ताजा आहे की सडलेला ते पाहून पुढची जाळी कुठे टाकायची ते ठरवायचं. त्यासाठी इथून एक जण जहाजावर जाणार होता. पाच आठवडे. जागा एकच.

"कोण, ते अजून ठरलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि दोघांकडे सारखंच बघितलं.

हे सारखं बघणंच पापुद्र्यांना झोंबलं. एकतीस वर्षं कुणाची आणि अडीच वर्षं कुणाची! जहाजाची त्यांनी किती वाट पाहिली होती ते त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं. दगड ओला असतो म्हणतात, वर येतो तेव्हा. त्याच्या सालीवरची काच चमकत असते, अजून गाळात माखलेली. त्यांच्या खोलीत यायचा तो कोरडा, धुळकट, गोणीचे धागे चिकटलेला. एकदा तरी तो ओला बघायचा होता. आणि आता ह्या एवढ्याशा गोष्टीच्या आड ही पोर येऊन बसली होती.

सात नंबरच्या डोंगरावरून आजवर एकच दगड वर आला होता, मुठीएवढा. जुन्या सफरीत जाळी तिथे अडकून फाटली होती. मॅडमनी तो दगड स्वतः आणून पापुद्र्यांच्या हातात दिला. "चाचण्यांसाठी कापून कापून एवढाच उरलाय, ह्यातून दोनच चकत्या निघतील. एक काच आपल्याला, एक दुसऱ्या प्रयोगशाळेला. एक तुम्ही करा, एक हिला करू दे. मग जहाजाचं बघू."

म्हणजे परीक्षाच. ह्या वयात, स्वतःच्या शिकाऊ पोरीबरोबर!

दगड कापला तेव्हाच पापुद्र्यांनी ओळखलं. काळ्या काचेत हिरवट कणांची गर्दी, आणि पांढरा कण एकही नाही. इथे घासणाऱ्याची खरी पंचाईत असते. नेहमीच्या दगडात बारीक पांढरे कण असतातच. मायक्रोस्कोपखाली एक खास पट्टी सरकवली की ते रंगीत दिसतात. चकती जाड असली तर पिवळे, आणि नेमकी झाली की करडे. करडे दिसले की थांबायचं. पापुद्र्यांनी तिला पहिल्या दिवसापासून हेच घोकवलं होतं, आणि ती पोपटासारखं म्हणूनही दाखवायची, "पांढरे करडे झाले की हात वर!"

पण दगडात पांढरे नसतीलच तर? बारा वर्षांपूर्वी पापुद्र्यांचा असा एक दगड सगळाच घासला जाऊन पाण्यात गेला होता. तेव्हा त्यांनी काच मुद्दाम खाली पाडली, आणि फुटली म्हणून सांगितलं. मग महिनाभर डोकं खाजवून त्यांनी एक युक्ती शोधली. आग विझवायला दारामागे वाळूची लाल बादली असते, तिच्यातला एक स्वच्छ कण चिमट्याने उचलून चकतीच्या शेजारी चिकटवायचा. दगडाबरोबर वाळूही घासली जाते. वाळूचा कण करडा दिसला की दगडही नेमका झाला म्हणून समजायचं. युक्ती अगदी साधी होती. त्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती.

चष्मेवाली डबा खायला गेली तेव्हा त्यांनी आपल्या चकतीशेजारी वाळूचा कण चिकटवला. मग बादली पायाने दारामागे सारली.

दुसऱ्या दिवशी दोघं समोरासमोरच्या पाट्यांवर बसली. दुपारपर्यंत भरड पूड संपली, बारीक सुरू झाली. खोलीत दोन चकत्यांची खसखस तेवढी ऐकू येत होती. तीनच्या सुमाराला पापुद्र्यांची काच झाली. हिरवे कण पट्टीखाली गुलाबी-निळे झळकत होते, आणि कोपऱ्यात वाळूचा कण करडा. त्यांनी काच धुतली, पुसली, पालथी ठेवली.

चष्मेवालीने चौथ्यांदा मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं.

"काका, ह्याच्यात पांढरे कण दिसतच नाहीयेत. थांबायचं कशावर?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर दारामागच्या बादलीत होतं. पापुद्र्यांनी हात पुसायचं फडकं उचललं, त्याची घडी घातली, घडी मोडून पुन्हा घातली.

"दिसतील," ते म्हणाले. "घास तू."

ती घासत राहिली. काका म्हणताहेत म्हटल्यावर विषय संपला होता. तिचे फेरे अगदी हलके, मोजके होते. पाच फेरे आणि बघणं, पाच फेरे आणि बघणं. पापुद्रे खिडकीजवळ उभे राहून तिच्या मनगटाकडे बघत होते. इतका स्वच्छ हात त्यांचा स्वतःचा कधीच नव्हता, आणि ते कळत असल्यामुळेच ते गप्प राहिले.

साडेचारला ती आनंदाने ओरडली, "आले, काका, आले! पांढरे आले!"

ते पांढरे नव्हते. हिरव्या कणांचेच रंग उतरून पांढुरके झाले होते, इतकी चकती झिजली होती. ते करडे होईपर्यंत तिने आणखी पाच फेरे मारले. काच पाण्यातून काढून पुसली, उजेडात धरली, आणि तशीच धरून राहिली. काचेवर काहीच नव्हतं. एका कडेला काजळीसारखा डाग होता, तोही बोट लागल्यावर गेला.

ती रडली नाही. काच पाटीवर ठेवून ती पाण्याकडे बघत म्हणाली, "सात नंबर गेला, काका." जणू घरातलं कुणी गेलं होतं.

मॅडम पाच वाजता आल्या. रिकामी काच त्यांनी दोनदा उलटसुलट केली. मग पापुद्र्यांची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा, काका!" मग जरा वेळाने, "हा कोपऱ्यात कसला कण आहे? हा दगडातला नाही."

"वाळूचा," पापुद्रे म्हणाले. "जाडी कळायला."

"म्हणजे पांढरे कण नसले तरी... वा! एवढं साधं! मला कधी बोलला नाहीत?" आणि मॅडम चष्मेवालीकडे वळल्या. "तुझ्या काचेवर नव्हता लावला?"

चष्मेवाली उठली. मायक्रोस्कोपला डोळा लावून तिने तो कण बघितला. बराच वेळ बघितला. पापुद्र्यांना तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरूनच त्यांना कळलं की हिला आता सगळं कळलंय.

"लावला होता," ती म्हणाली. "काकांनीच सांगितलं होतं. माझा नीट चिकटला नसणार, घासताना निघून गेला. चूक माझीच आहे, मॅडम. जहाजावर काकांनाच न्या."

आणि तसंच ठरलं.

घरी जाताना पापुद्रे तिच्या मागे चार पावलं चालत होते. कोपऱ्यावर तिला गाठून त्यांनी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगायला हवं होतं? काकूंच्या समोर जेवायला कोणत्या तोंडाने बसला असतात तुम्ही?" एवढं बोलून ती पुढे गेली.

जेवताना काकूंना जहाजाची बातमी कळली, आणि रिकाम्या काचेचीही. काकूंना आनंद झालाच, पण शिस्तही हवी म्हणून त्यांनी तिला झापलं. "एवढं जीव तोडून शिकवलं ह्यांनी तुला, आणि तू साधा कण चिकटवताना धांदरटपणा करतेस?" चष्मेवालीने मान खाली घालून ऐकून घेतलं. "हो, काकू," म्हणाली. वर पापुद्र्यांना वाढलंही, त्यांनी मागितलं नसताना.

एखाद्याला इथे लाज वाटली असती. पापुद्र्यांनाही वाटली, नाही असं नाही. पण लाजेच्या आधी जे वर उसळलं ते जुनंच होतं, ओळखीचं. म्हणजे आता मोठेपणातही हीच पुढे! हाताने पुढे होतीच, आता मनानेही. आपण जहाजावर जाणार ते हिने सोडलेल्या जागेवर, हिच्या उपकारावर. पाच आठवडे समुद्रात बसायचं आणि प्रत्येक ओला दगड हातात घेताना आठवायचं, की हा हिने दिलाय. आणि हिला मात्र मिरवायचीही गरज नाही, कारण कुणाला सांगायचंच नाही! पापुद्र्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी संस्था उघडताच ते मॅडमच्या खोलीत गेले, आणि बसायच्या आधीच बोलले.

"तिच्या काचेवर कण नव्हता. मी सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं तरी सांगितलं नाही. उलट घास म्हणालो."

खरं बोलायला माणसाला काय काय लागतं, ते एकेकाचं वेगळं असतं. पापुद्र्यांना लागला तो हेवा. प्रामाणिकपणात तरी ती आपल्यापुढे जाऊ नये, एवढ्यासाठी ते जिना चढून आले होते. आणि मनाच्या एका कोपऱ्यात अशीही आशा होती, की मॅडम म्हणतील, काका, हे सांगायला फार मोठं मन लागतं.

मॅडम तसलं काही म्हणाल्या नाहीत. त्या भयंकर चिडल्या.

"दोनच चकत्या होत्या! दोन! आता त्या एका काचेसाठी सात नंबरवर पुन्हा जाळी टाकायची, म्हणजे जहाजाचे दोन दिवस. तिथेच मागच्या वेळी जाळी फाटली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला? तुमच्या घरातल्या रुसव्याफुगव्यात माझा डोंगर गेला, काका!" मग त्या खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता, पण नरमला नव्हता. "जहाजावर ती येईल. तिला सगळं नीट शिकवून पाठवा. बारा दिवस आहेत."

पापुद्रे "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. शेवटच्या पायरीवर ते जरा थांबले. एकतीस वर्षांचं जहाज गेलं होतं, आणि ते घालवायला दुसरं कुणी लागलं नव्हतं.

खोलीत चष्मेवाली पाट्या धूत होती.

"जहाजावर तू जातेयस," त्यांनी सांगितलं.

तिने वळून बघितलं. "तुम्ही सांगून टाकलंत?"

"हो."

"का, काका? मी निभावून नेलं होतं ना!"

"म्हणूनच सांगितलं. तू निभावलेलं मला नको होतं."

तिने नळ बंद केला. ओले हात झटकले. आणि रागाने नाही, टोमण्यानेही नाही, जशी रोज काही अडलं की विचारायची तसंच तिने विचारलं, "वाळूचं सांगितलं नाहीत. अजून काय काय सांगितलं नाहीत?"

काही नाही, असं म्हणायला पापुद्र्यांनी तोंड उघडलं. पण डोक्यात एकेक यायला लागलं. भुसभुशीत दगड कापायच्या आधी कशात मुरवायचा. सालीची काच तडकू नये म्हणून तापपट्टी किती हळू थंड करायची. पूड बदलायची वेळ झाली हे आवाजावरून कसं ओळखायचं. ह्यातलं त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि न सांगायला त्या सुंदर काचेपासून नव्हे, पहिल्या दिवसापासूनच सुरुवात केली होती. तेव्हा तर तिला चकती धड धरताही येत नव्हती. तेव्हा कसला हेवा करत होते ते?

"बरंच आहे," ते म्हणाले.

चष्मेवालीने स्टूल ओढलं, वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिलीचं टोक बघितलं.

"सांगा."

पापुद्र्यांनी घसा खाकरला, आणि सांगायला लागले. पहिली म्हणून त्यांनी त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट निवडली.